स्क्रीनवर न दिसणारी खाण



संयोजकांनी मला ‘नव्या तंत्रज्ञानातल्या संधी’ हा विषय दिला आहे. उपदेश करण्याएवढा मी मोठा नाही. माझ्याच कामात झालेली एक चूक सांगतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. काही वर्षं मी भूमिगत खाणीतल्या एलएचडी यंत्राच्या सिम्युलेटरवर काम केलं. एलएचडी म्हणजे एक बुटका, लांबट, मधोमध वळणारा लोडर. स्फोटानं फुटलेला खडक बकेटमध्ये भरायचा, बोगद्यातून न्यायचा आणि ओतायचा, हे त्याचं काम. खनिज काढून झालेल्या पोकळीत वरून दगड कधी सुटेल याचा नेम नसतो. म्हणून आता अनेक ठिकाणी चालक कंट्रोल रूममध्ये बसतो. समोर स्क्रीन, हातात जॉयस्टिक.

खाली जीपीएस चालत नाही. यंत्र लेसरनं भिंती मोजून आपली जागा ओळखतं. खडक नेणं आणि ओतणं ते स्वतः करतं, बकेट भरताना मात्र बऱ्याच खाणींत अजून माणूस लागतो. त्यामुळे एकच चालक दोन-तीन यंत्रं सांभाळू शकतो. स्वीडनच्या किरुना खाणीत तर १,३६५ मीटर पातळीवर खनिजाच्या गाड्याही चालकाविना धावतात.

आमचा सिम्युलेटर तयार झाल्यावर चाचणीला दोघं जण आले. एक बावीस वर्षांचा, गेमिंगमध्ये तरबेज मुलगा. दुसरे विदर्भातल्या कोळसा खाणीत एलएचडी चालवून निवृत्त झालेले काका. मुलानं तासाभरात सर्वांत जास्त गुण मिळवले. काका सपशेल नापास. आम्ही खूश झालो.

काका शांतपणे म्हणाले, “बाळा, या पोरानं आज किती टायर खाल्ले ते मोजलं का?”

आम्ही मोजलंच नव्हतं. बकेट ढिगात घुसवताना चाकं जागच्या जागी फिरली की धारदार दगडांवर टायर फाटतात. खऱ्या यंत्रावर हे चालकाच्या पाठीला आणि कानाला कळतं. इंजिनाचा आवाज बदलतो, सीट थरथरते. आमच्या स्क्रीनवर यातलं काहीच नव्हतं. काका नापास झाले, कारण ते जे वाचायचे ते आम्ही लिहिलंच नव्हतं.

त्यानंतर आम्ही गुण देण्याची पद्धत बदलली. किती टन माल काढला याबरोबर चाकं किती फिरली, भिंतीला किती वेळा घासलं हेही मोजू लागलो. काकांच्या सांगण्यावरून एक धडा वाढवला: यंत्र अचानक थांबतं. स्वयंचलित भागाच्या तोंडाशी सेन्सरचं कुंपण असतं. ते कुणी ओलांडलं की आतली यंत्रं थांबतात. नवशिक्याचा हात लगेच ‘पुन्हा सुरू’कडे जातो. तिथे त्याला थांबायला शिकवायचं. आत कोण आहे, बाहेर आलं का, याची खात्री होईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. या धड्याला वेगाचे गुण नाहीत.

निघताना काकांनी विचारलं, “तीन यंत्रांवर एक माणूस, तर उरलेले दोघं कुठं जातील? ही खुर्ची आमच्या पोरांना मिळेल, की फक्त कॉम्प्युटरवाल्यांना?”

तेव्हा मी गप्प बसलो. आज मला वाटतं, त्या खुर्चीवर पहिला हक्क खाण ओळखणाऱ्यांचा आहे. जॉयस्टिक काही आठवड्यांत शिकवता येते, खडकाची समज येत नाही.

मुलींसाठीही एक गोष्ट. १९५२च्या खाण कायद्यानं स्त्रियांना भूमिगत कामाची मनाई होती. २०१९मध्ये तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी ती शिथिल झाली. कंट्रोल रूमच्या खुर्चीला तर अंगातली ताकदही लागत नाही.

तुमच्यापैकी कुणी आयटीआय करत असेल, कुणी इंजिनिअरिंग. उद्या एखाद्या कामाचं यंत्र तुम्ही बनवाल. त्याआधी ते काम हातानं केलेल्या माणसाशेजारी चार दिवस बसा. मी ते उशिरा केलं.