जुहूहून सुटणारं टपाल



ऑगस्ट १९९० मधली गोष्ट. आमचे अब्बा कुवेतला नोकरीला होते, आम्ही कल्याणला. घरात फोन नव्हता. अब्बांची खुशाली यायची ती निळ्या एअरोग्रामवर, नाहीतर सुटीवर येणारा कुणी त्यांच्या आवाजाची कॅसेट आणून द्यायचा. मग सगळं घर टेपरेकॉर्डरभोवती बसायचं. महिन्यापूर्वीचा खोकला ऐकून अम्मी आज काळजी करायची. २ ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि पत्रं, कॅसेट सगळंच थांबलं. मी रोज स्टेशनजवळच्या फोनच्या दुकानात रांगेत उभा राहायचो. लाइन काही लागायची नाही.

त्याच दिवसांत, आमच्यापासून लोकलने दीड-दोन तासांवर, जुहूला, संगणक टेलिफोनच्या तारेवरून टपाल पाठवत होते. मला याचा पत्ताही नव्हता. कितीतरी वर्षांनी ते वाचनात आलं. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस, तेव्हा यंत्राची ही गोष्ट माझ्याच भाषेत सांगतो.

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं एक योजना हाती घेतली. नाव ‘अर्नेट’, म्हणजे शिक्षण आणि संशोधनासाठीचं जाळं. सुरुवातीला त्यात आठच ठिकाणं होती: पवई, दिल्ली, कानपूर, खरगपूर आणि मद्रास इथल्या पाच आय. आय. टी., बंगळूरची विज्ञान संस्था, दिल्लीतलं खुद्द ते खातं आणि जुहूचं ‘एन. सी. एस. टी.’ म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र. या केंद्राचे संचालक होते डॉ. श्रीनिवासन रमणी. १९८७ पर्यंत जुहू आणि पवई यांच्यात संगणकाचं टपाल सुरू झालं होतं. मधलं अंतर केवढं? बसनं गेलं तरी दुपारपर्यंत माणूस परत येईल. पण रांगणाऱ्या मुलाला घराचा उंबराही डोंगरच असतो.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारेल. डोंबिवलीचा माझा एक मित्र तेव्हा रसायनशास्त्रात संशोधन करत होता. परदेशी नियतकालिकं बोटीनं यायची, कित्येक महिने शिळी होऊन. एखाद्या लेखाचं नाव कळलं की तो त्याच्या लेखकाला कार्ड धाडायचा, ‘कृपया आपल्या निबंधाची एक प्रत पाठवावी.’ मग पोस्टमनची वाट पाहणं आलं. एकदा वर्षभर खपून त्यानं जे शोधलं, ते दुसऱ्या कुणीतरी आधीच छापलेलं निघालं. तो बातमीच्या बाबतीत मागे होता, अकलेच्या नव्हे. त्याच्यासारखे किती जण याच कारणानं देश सोडून गेले असतील! तो गेला नाही, डोंबिवलीतच शिकवणी घेत राहिला.

आता त्या काळचे टेलिफोन आठवा. अर्ज केला की वर्षानुवर्षं प्रतीक्षा, आणि फोन आला तरी त्यात खरखर. चांगल्या तारा पडू देत, मग जाळं विणू, असं म्हणत बसायला भरपूर सबब होती. या मंडळींनी तसं केलं नाही. आहे त्याच फोनवर चालेल अशी पद्धत त्यांनी घेतली. एका संगणकानं दुसऱ्याला फोन लावायचा, साठलेल्या पत्रांचं गाठोडं त्याच्याकडे टाकायचं आणि फोन ठेवायचा. दुसऱ्यानं ते पुढच्याला द्यायचं. मध्येच लाइन तुटली, तर पुन्हा लावायची. कॅसेट हातोहात पोचवणाऱ्या आमच्या कोकणी मंडळींना यात नवल वाटू नये.

पुढे भाड्याच्या कायमच्या तारा आल्या आणि इंटरनेटची रीत आली. ती समजून घ्यायला कल्याणकरांना लांब जायला नको. आपल्या जंक्शनात एक रूळ कसाऱ्याला जातो, दुसरा कर्जतला. समजा, एका मोठ्या पत्राचे तुकडे करून एकेका डब्यात घातले, प्रत्येक डब्यावर पत्ता आणि क्रमांक लिहिला. वाट मोकळी दिसेल तसा एकेक डबा सुटेल. मुक्कामी क्रमांकानं डबे जोडायचे, एखादा हरवला तर तेवढाच परत मागवायचा. मधल्या स्टेशनमास्तरला पूर्ण पत्राशी देणंघेणं नाही, तो फक्त पत्ता पाहतो.

जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली-मुंबई अशी पहिली कायमची तार जोडली गेली, सेकंदाला ९,६०० बिटांची. आज आपल्या फोनमधला तीन मेगाबाइटचा एक फोटो त्या तारेवरून जायला चाळीसेक मिनिटं लागतील, म्हणजे कल्याणची फास्ट लोकल घाटकोपरच्या आसपास येईल. पण मजकुराची दोन पानं काही सेकंदांत जात. १९९२ मध्ये जुहूहून थेट अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत ६४ हजार बिटांची तार सुरू झाली. त्या एवढ्याशा वाटेवरून देशभरातल्या संशोधकांची पत्रं ये-जा करत. रमणींना २०१४ मध्ये इंटरनेटच्या जागतिक मानवंतांच्या यादीत जागा मिळाली. आपल्याकडे किती जणांना ते ठाऊक आहे?

मला या गोष्टीचं कौतुक आहे, तशी एक तक्रारही आहे. आठ ठिकाणं निवडली ती मोठ्यांतली मोठी. माझा डोंबिवलीचा मित्र त्या आठांत नव्हता. साध्या कॉलेजातला प्राध्यापक नव्हता. सुरुवात कुठून तरी करावी लागते, हे कबूल. पण ज्याला वाचनालयच अपुरं, त्याला त्या तारेची गरज जास्त होती. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. तेव्हाही मुंबईचा कोड ०२२ आणि आमचा ०२५१. मुंबईचा नंबर आम्हाला परगावचाच.

आणि भाषा? त्या टपालाला फक्त रोमन लिपी कळायची. जुहूहून पवईला मराठीत ‘कसं काय’ विचारायचं, तरी ते इंग्रजी अक्षरांत. संगणकावरच्या भारतीय लिप्यांचं सरकारी प्रमाण ठरलं १९९१ मध्ये. माझ्या कवितेला त्या डब्यात चढायला पुढे बराच काळ फलाटावर थांबावं लागलं.

अब्बांचं सांगायचं राहिलं. कुवेतमधून लाखाहून अधिक भारतीय त्या वर्षी विमानांनी परत आणले गेले, बहुतेक सगळे जॉर्डनच्या अम्मानमार्गे. सप्टेंबरातल्या एका पहाटे दारावर थाप पडली. अम्मीनं दार उघडलं. दाढी वाढलेले अब्बा एका पिशवीनिशी उभे होते. त्यांनी अम्मानहून एक पत्र टाकलं होतं, ‘मी सुखरूप आहे, काळजी करू नका’ असं. ते अकरा दिवसांनी आलं. पोस्टमनकडून अब्बांनीच घेतलं, आणि अम्मीला मोठ्यानं वाचून दाखवलं.