शहराचा प्राधान्यक्रम कोण ठरवतो?

(शहरी आघाडीवरील पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महापौर, आयुक्त, बांधकाम व्यावसायिक आणि सल्लागार कंपन्या एकत्र बसतात आणि ‘सर्व नागरिकांचे सामायिक स्वप्न’ म्हणून एक दस्तऐवज प्रसिद्ध करतात, हे दृश्य देशभरच्या शहरांत परिचयाचे आहे. त्या दस्तऐवजात नदीकाठ सुशोभित असतो, रस्ते रुंद असतात. पाण्याच्या टँकरमागे धावणारी वस्ती मात्र त्यात नसते. वर्गांत विभागलेल्या शहरात सर्वांचे स्वप्न आपोआप एक होत नाही. एका वर्गाचे स्वप्न पुष्कळदा दुसऱ्याच्या झोपडीवर बुलडोझर फिरवूनच पुरे होते, हे श्रमिकाला पुस्तक न वाचताही ठाऊक असते. म्हणून खरा प्रश्न असा की, पैसा अपुरा असताना आधी काय आणि नंतर काय, हे ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती असावा? या प्रश्नाला ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे शहराने दिलेल्या उत्तराचा, आणि त्या उत्तराच्या मर्यादांचाही, अभ्यास आवश्यक आहे.

रिकामी तिजोरी, नवा कारभार

ब्राझीलमध्ये १९६४ ते १९८५ अशी एकवीस वर्षे लष्करी राजवट होती. त्या काळात पोर्तो आलेग्रेच्या टेकड्यांवर आणि सखल भागांत कष्टकऱ्यांच्या वस्त्या वाढत गेल्या. नळ आणि गटारे मात्र मध्यवर्ती भागापुरतीच राहिली. या वस्त्यांनी आपल्या संघटना उभारल्या, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यासच त्यांच्या महासंघाने नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर लोकांचे नियंत्रण असावे अशी मागणी केली. १९८८ च्या नव्या राज्यघटनेने नगरपालिकांचे अधिकार वाढवले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत कामगार पक्ष विजयी झाला आणि बँक कर्मचाऱ्यांचे कामगारपुढारी ओलिव्हिओ दुत्रा जानेवारी १९८९ मध्ये महापौर झाले.

पहिला धडा कटू होता. उत्पन्नाचा बहुतांश भाग कर्मचाऱ्यांच्या वेतनातच जात होता. वस्त्यांनी मागण्यांच्या लांबलचक याद्या दिल्या, पण कामे झाली नाहीत. साहजिकच पुढील सभांना लोक कमी आले. सभा भरवल्याने लोकशाही येत नाही, तिला तिजोरीचा आधार लागतो, हे कारभाऱ्यांना उमगले. त्यांनी मालमत्ता कराची फेररचना केली आणि अधिक मालमत्तेवर अधिक कर हे तत्त्व लागू केले. तेव्हा कुठे नव्या कामांसाठी रक्कम उभी राहिली आणि लोकसहभागाला अर्थ प्राप्त झाला.

प्राधान्याचे गणित

शहराचे सोळा विभाग पाडण्यात आले. दरवर्षी प्रत्येक विभागात खुली सभा भरे. आधी गेल्या वर्षीच्या कामांचा हिशेब प्रशासनाने लोकांसमोर द्यायचा. मग सभेने प्रतिनिधी निवडायचे आणि सांडपाणी, रस्ते, घरे, शाळा, आरोग्य यांचा क्रम लावायचा. १९९४ पासून वाहतूक, शिक्षण, आरोग्य, अर्थव्यवस्था, नगररचना अशा विषयवार सभांचीही जोड मिळाली. विभागांनी व विषयसभांनी निवडलेल्या सदस्यांची अंदाजपत्रक परिषद प्रशासनाशी वाद घालून अंतिम योजना तयार करी आणि ती नगरसभेपुढे जाई.

परंतु या पद्धतीचा गाभा सभांपेक्षा वाटपाच्या नियमात होता. निधी वाटताना तीन कसोट्या लावल्या जात: त्या विभागात सेवेची उणीव किती, लोकसंख्या किती, आणि विभागाने स्वतः त्या कामाला कितवा क्रम दिला. प्रत्येक कसोटीला गुण, गुणांना ठरावीक भार. ज्या वस्तीत रस्ते कच्चे आहेत, तिचे गुण अधिक; ज्या उपनगरात सर्व सोयी आहेत, त्याचे कमी. नगरसेवकाच्या ओळखीने काम मिळवण्याची जुनी रीत येथे मोडली. ‘सामायिक स्वप्न’ या शब्दांना आशय मिळाला तो येथे. उणिवेचे वजन सर्वांनी मान्य करणे, हेच ते सामायिकत्व होय.

परिणाम डोळ्यांना दिसणारे होते. १९८९ ते १९९६ या काळात नळपाणी मिळणाऱ्या घरांचे प्रमाण ८० टक्क्यांवरून ९८ टक्क्यांवर गेले. सांडपाण्याच्या जाळ्याशी जोडलेल्या लोकसंख्येचे प्रमाण ४६ टक्क्यांवरून ८५ टक्क्यांवर पोहोचले. सुरुवातीला काही शेकड्यांत असलेली सभांची उपस्थिती पुढे हजारोंवर गेली. दुत्रा यांच्यानंतर तार्सो जेन्रो व राउल पोंत यांच्या महापौरपदाखाली हाच कारभार चालू राहिला.

मर्यादा कोठे होत्या

या प्रयोगाचे केवळ गुणगान करणे मार्क्सवादी विश्लेषणाला साजेसे नाही. एका शहराची नगरपालिका भांडवली व्यवस्था बदलू शकत नाही. जमिनीची मालकी, बँका, उद्योग, केंद्राची करव्यवस्था हे सारे सभांच्या कक्षेबाहेर राहिले. दुसरे असे की, ही पद्धत कायद्याने बांधण्यात आली नव्हती. लवचीकता टिकावी म्हणून तिचे नियम परिषदच ठरवी. लवचीकता टिकली, पण संरक्षण मिळाले नाही. २००४ च्या निवडणुकीत कामगार पक्षाचा पराभव झाला. नव्या कारभाऱ्यांनी सभा बंद केल्या नाहीत. त्यांच्या निर्णयांमागचे बळ तेवढे काढून घेतले. अखेर २०१७ मध्ये ही प्रक्रिया स्थगित झाली.

मे २०२४ मध्ये ग्वाइबाच्या पुराने शहराला वेढले. पाण्याने १९४१ चा ४.७६ मीटरचा उच्चांक ओलांडून पाच मीटरची पातळी पार केली. पूरसंरक्षक भिंती होत्या, दरवाजे होते, पंपगृहे होती. परंतु दरवाजांतून पाणी शिरले आणि बहुतेक पंपगृहे बंद पडली. पुराचे कारण अतिवृष्टी हे खरे. तथापि देखभालीला कितवा क्रम मिळाला होता, हा प्रश्न पाण्यात बुडालेल्या वस्त्यांनी विचारला आणि तो रास्त होता. उद्घाटनाची फीत नसलेले काम, म्हणजे गटार आणि पंप, कोणाच्या यादीत वर असते आणि कोणाच्या तळाशी, यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

आपल्यापुढील कार्य

भारतात ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली. तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे ती सांगते. केरळमध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम हाती घेऊन राज्याच्या योजना निधीचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांना दिला. याच्या नेमके उलट, २०१५ मध्ये सुरू झालेल्या आणि मार्च २०२५ मध्ये संपलेल्या स्मार्ट सिटी अभियानाने शंभर शहरांची कामे कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थांकडे सोपवली. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तर २०२३, २०२४ आणि २०२५ ची अंदाजपत्रके प्रशासकानेच मांडली आणि त्यानेच मंजूर केली. निर्वाचित सभागृह नव्हतेच.

म्हणून प्रत्येक शहरातील पक्षशाखेने अंदाजपत्रकाला लढ्याचा विषय केले पाहिजे. वस्तीनिहाय उणिवांची यादी, म्हणजे किती घरांमागे एक नळ, किती माणसांमागे एक शौचालय, कोणती गल्ली दर पावसाळ्यात बुडते, ही अंदाजपत्रक मांडले जाण्यापूर्वी लोकांच्या सभेत तयार झाली पाहिजे. त्याबरोबरच श्रीमंतांच्या मालमत्तेवर वाढता कर आणि लोकसभांच्या निर्णयांना कायद्याचे बळ, या दोन मागण्या जोडल्या पाहिजेत. पैशावाचून सहभाग हा देखावा ठरतो आणि कायद्यावाचून तो सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर जगतो. पोर्तो आलेग्रेने दिलेले हे दोन्ही धडे घेऊनच पुढे गेले पाहिजे.