पदकाच्या कडेवरील अक्षरे



आपल्या कित्येक घरी आजोबा-पणजोबांची पदके पेटीच्या तळाशी पडून आहेत. पदक म्हणजे शौर्य, अशी आपली सरसकट समजूत. वस्तुतः शौर्यपदके निराळी व सेवापदके निराळी. १९४८ साली राजौरीच्या वाटेवर सुरुंग काढून रस्ता मोकळा करणाऱ्या राम राघोबा राणे यांस परमवीरचक्र मिळाले, ते पराक्रमाबद्दल. सेवापदकास दिवसांचा हिशेब लागतो. दुसऱ्या महायुद्धातील १९३९-४५ स्टारसाठी युद्धक्षेत्रात सामान्यतः सहा महिने सेवा लागे. आजही नऊ हजार फुटांहून उंच प्रदेशात एकूण १८० दिवस काढल्यावर उच्च तुंगता पदक मिळते. तिथल्या थंडीतला एकेक दिवस मी तरी कमी लेखणार नाही.

माझे आजोबा पहिल्या महायुद्धात होते. त्यांचे ब्रिटिश युद्धपदक चांदीचे होते. थोरल्या आत्याच्या लग्नात आजीने ते सोनाराकडे आटवून जोडवी घडविली. हाती दुसरी चांदी नव्हती. तिला दोष कसा द्यावा? परंतु त्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असे. ती अक्षरे चांदीबरोबर वितळली. आजोबा कोणत्या पलटणीत होते, हे सांगणारे आज घरात कोणी उरले नाही, आणि क्रमांकावाचून जुन्या दप्तरांत त्यांना शोधू तरी कसे?

म्हणून विनंती एवढीच. घरी गेल्यावर पेटी उघडा, पदकाची कड उजेडात धरा व अक्षरे वहीत जशीच्या तशी उतरवून घ्या. चिंच लावून घासू मात्र नका. तेवढ्यानेही ती झिजतात.