अवधान आणि प्रार्थना

निपाणीजवळचे कोगनोळी हे गाव पुणे-बंगळूर महामार्गावर आहे. तेथे वाहनांचा घोष रात्रंदिवस कानी पडतो. हा सारा मुलूख तंबाखूचा. विड्या वळून संसार चालविणाऱ्या स्त्रिया या भागात पुष्कळ. पान कापावे, तंबाखू भरावी, वळून दोरा बांधावा. सरावलेले हात हे आपोआप करतात आणि मन मात्र मुलाच्या फीकडे नाही तर कालच्या भांडणाकडे धाव घेते. उपासनेतही माणसाची हीच गत होते. ओठ प्रार्थना म्हणतात, चित्त बाजारात हिंडते.

या भरकटलेल्या चित्तास घरी आणण्याची वाट येशूसंघीय धर्मगुरू अँथनी डिमेलो यांनी दाखविली. त्यांचा जन्म १९३१ साली मुंबईत झाला. पुण्यात त्यांनी सुरू केलेले ‘साधना’ संस्थेचे कार्य पुढे लोणावळ्यास गेले. १९७८ साली ‘साधना’ याच नावाचा त्यांचा ग्रंथ निघाला. त्यातील अभ्यास अगदी साधे आहेत. स्वस्थ बसावे, खांद्यावरील वस्त्राचा स्पर्श जाणावा, श्वास न बदलता त्याचे येणेजाणे न्याहाळावे. कानी येणाऱ्या आवाजांशी भांडू नये, ते नुसते ऐकावेत. म्हणजे महामार्गाचा घोषही प्रार्थनेच्या आड येत नाही. मग त्याच श्वासातून देवाला हाक घालावी.

येथे एक शंका उभी राहते. श्वास न्याहाळणे म्हणजेच प्रार्थना काय? डिमेलो १९८७ साली निवर्तले. पुढे १९९८ साली व्हॅटिकनने त्यांच्या लेखनातील काही मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत ठरविली. ख्रिस्ताच्या ठायी झालेल्या प्रकटीकरणाची जागा निराकाराच्या अनुभूतीला दिली जाते, हा त्यातील एक मुख्य आक्षेप होता. हा इशारा ध्यानी घेऊनही त्या अभ्यासांचा उपयोग करता येतो. अवधान हा उंबरठा आहे. उंबरठ्यावर बसून राहण्यासाठी कोणी घर बांधीत नाही. आत कोणी वाट पाहत आहे, ही ख्रिस्ती माणसाची श्रद्धा आहे.

या साधनेची कसोटीही शुभवर्तमानातच सापडते. वाटेवर घायाळ पडलेला माणूस याजकाने पाहिला, लेव्याने पाहिला आणि शोमरोन्यानेही पाहिला. थांबला तो एकटा शोमरोनी. उरलेल्या दोघांची दृष्टी शाबूत होती, अवधान नव्हते. म्हणून दिवसाची पहिली विडी वळण्यापूर्वी चार श्वास शांतपणे घ्यावेत, देवाचे स्मरण करावे, आणि मग शेजारी बसलेल्या बाईचा चेहरा आज का उतरला आहे, हे तिला विचारावे. तेथे प्रार्थना पुरी होते.