स्वमग्न मुलाचे ताट

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचा परिचय मला कोणा डॉक्टराने करून दिला नाही. तो करून दिला माझ्या वर्गातील एका आठ वर्षांच्या मुलाने. सिल्वासातील एका मराठी शाळेत मी गेली कित्येक वर्षे शिकवीत आहे. आमच्या वर्गात खानवेल-मांदोणीकडची वारली आणि कोकणा मुले असतात, तशीच कारखान्यांच्या निमित्ताने येथे येऊन राहिलेल्या खानदेशी कुटुंबांतील मुलेही असतात. हा मुलगा त्यांपैकी एक. वडील सुताच्या कारखान्यात पाळीवर जातात, आई घरी असते. मुलाला वापीपासून मुंबईपर्यंतची सारी स्थानके क्रमाने पाठ, पण कोणी हाक मारली तर मान वर करील याची शाश्वती नाही. त्याला स्वमग्नता आहे, ज्यास ऑटिझम म्हणतात तो प्रकार आहे, हे त्याच्या आईने प्रवेशाच्या वेळीच सांगितले होते. तो काय खातो, हे मात्र मी विचारले नव्हते.

मध्यान्ह भोजनाच्या वेळी सगळी मुले ओळीने बसली की हा कानांवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करी. ताटातील खिचडीला स्पर्श करीत नसे. अन्न टाकणे हे आमच्या घरी पाप मानीत. लहानपणी जेवणापूर्वीची प्रार्थना म्हटल्यावर ताटात शीत उरले तर आई उठू देत नसे. त्याच संस्काराने मी एके दिवशी त्याच्याजवळ बसले, लाडीगोडी लावली, आणि शेवटी एक घास त्याच्या तोंडात घातला. त्याने तो ओकून टाकला. एवढ्यावर भागले असते तर बरे होते. परंतु त्या दिवसापासून सहामाही परीक्षेपर्यंत त्याने शाळेत काहीही खाल्ले नाही, घरून आणलेले बिस्किटसुद्धा नाही. खिचडीचा डाव दिसला की तो किंचाळू लागे. मी शिस्त म्हणून जे केले त्याचा परिणाम हा असा झाला, आणि तो लपविण्यात अर्थ नाही.

त्यानंतर मी वाचू लागले. १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. स्वमग्नतेच्या अभ्यासाचा आरंभ सामान्यतः तेथून धरतात. त्या हकिगतीतही जेवणाची रड आहेच. कित्येक मुलांचे खाणे तान्हेपणापासून बिकट होते. एका मुलीला तर वर्षाची होईपर्यंत नळीने अन्न द्यावे लागले होते. पुढे २०१३ साली अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहण्यात आले, तेव्हा अशा मुलांत खाण्याच्या अडचणी इतर मुलांच्या सुमारे पाचपट आढळल्या. म्हणजे हा हट्ट नव्हे, आणि लाडावल्याचा परिणामही नव्हे.

आपणांस खिचडी ही एक वस्तू दिसते. ह्या मुलांना तीत दहा वस्तू दिसतात: मऊ भात, त्यात मध्येच डाळीचा खरखरीत कण, मोहरीचा टणक दाणा, कढीपत्त्याचे चिवट पान, वाफ, वास, हळदीचा रंग. शिवाय कालची खिचडी घट्ट होती आणि आजची पातळ आहे. बिस्किट मात्र दररोज तेच असते. तोच आकार, तोच आवाज, तीच चव. ज्याला सारे जग अनिश्चित वाटते त्याने बिस्किटाचा आश्रय घेतला तर नवल कसले? त्यातच दीडशे-दोनशे ताटांचा खणखणाट. आपल्याला तो ऐकूही येत नाही. त्याला तो सोसवत नाही.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा त्याची आई मला भेटावयास आली. चेहऱ्यावर आनंद होता. म्हणाली, “बाई, आता याचं दूध अन् गहू दोन्ही बंद केलंय. सहा महिन्यांत पोरगं बोलायला लागंल म्हणतात.” मोठ्या शहरातील कोणा उपचारकाने तिला आहाराचा तक्ता लिहून दिला होता, आणि त्याबरोबर परदेशी पिठाची महागडी पाकिटे. भ्रमणध्वनीवरही तिने अशीच चित्रे पाहिली होती. मी विचारले, “ताई, आधी तो काय काय खात होता?” तिने बोटांवर मोजले: पांढरा भात, दूध, एका विशिष्ट जातीचे बिस्किट, तूप न लावलेली गरम पोळी आणि केळे. पाच पदार्थ. त्यांतील तीन गेले. पाकिटातील पिठाची भाकरी त्याने पहिल्याच दिवशी फेकून दिली होती. तेव्हा राहिले काय, तर भात आणि केळे.

दूध आणि गहू वर्ज्य करण्याचा हा विचार कोठून आला, हे थोडक्यात सांगते. १९७९ साली अमेरिकेत याक पँकसेप या संशोधकाने असा तर्क मांडला की, मेंदूतील अफूसारख्या द्रव्यांचा स्वमग्नतेशी संबंध असावा. नॉर्वेतील रायखेल्ट यांनी तो आहाराशी जोडला. गव्हातील ग्लुटेन आणि दुधातील केसीन ही प्रथिने नीट पचली नाहीत तर त्यांचे तुकडे आतड्यातून रक्तात उतरतात आणि मेंदूवर अफूसारखे काम करतात, अशी ती कल्पना. तर्क म्हणून ती सुटसुटीत होती. परंतु तर्क पारखावा लागतो, आणि येथे पारख अवघड असते; कारण आपण मुलासाठी एवढे कष्ट घेत आहोत हे ठाऊक असलेल्या आईला सुधारणा दिसणारच. म्हणून मुलाला कोणत्या आठवड्यात गहू-दूध मिळाले हे आईलाही कळू नये आणि पाहणाऱ्यालाही कळू नये, अशी व्यवस्था करतात. २००६ साली फ्लॉरिडा विद्यापीठात पंधरा मुलांवर असा बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. मोजमापांत फरक आढळला नाही. काही पालकांना मात्र तो जाणवला होता. २०१६ साली रोचेस्टर येथे चौदा मुलांवर झालेल्या प्रयोगातूनही तेच निघाले. पंधरा आणि चौदा ह्या संख्या लहानच आहेत, तेव्हा जगातील एकाही मुलाला ह्या आहाराचा लाभ होणार नाही असे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. पण इंग्लंडच्या शासकीय आरोग्य-मार्गदर्शिकेने २०१३ साली स्पष्टच सांगितले की, स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवरील उपाय म्हणून असा वर्ज्य आहार देऊ नये.

आशा किती चिवट असते याचे एक उदाहरण मला विसरता येत नाही. १९९८ च्या सुमारास सिक्रेटिन नावाच्या, पचनाशी संबंधित अशा एका द्रव्याच्या सुईने मुले सुधारतात अशी वार्ता अमेरिकेत पसरली. पुढच्याच वर्षी साठ मुलांवर परीक्षा झाली. काहींना सिक्रेटिन, काहींना नुसते मिठाचे पाणी. दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली. हा निकाल कळल्यानंतरही शंभरांतील एकोणसत्तर पालक म्हणाले की, आम्हांला ती सुई अजूनही हवी आहे. मी त्यांना हसत नाही. मूल आपले असते तर मीही कदाचित हेच म्हटले असते.

आणि ह्या आयांवर पूर्वी जे लोटले गेले तेही ध्यानात घ्यावे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी आईच्या थंड, मायाहीन वागणुकीमुळे मूल असे होते, असे मोठमोठे विद्वान सांगत. ब्रूनो बेटेलहाइम यांचा ह्या मताचा ग्रंथ १९६७ साली निघाला. त्यापूर्वीच, १९६४ साली, स्वतः अशा मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी ते मत खोडून काढले होते. तरीही कलंक पुसायला फार वर्षे लागली. आज माया कमी पडली असे कोणी म्हणत नाही. आज म्हणतात, तू त्याला पोळी का दिलीस? दोष पुन्हा आईच्याच पदरात. ज्या जपानात भात हेच मुख्य अन्न आहे तेथेही ही मुले आहेत, एवढे सांगितले तरी पोळीवरचा आरोप बराच सैल पडतो.

पथ्य करून पाहिले तर बिघडते काय, असे कोणी विचारील. बिघडते. २००८ साली चार ते आठ वर्षांच्या पंचाहत्तर स्वमग्न मुलग्यांच्या हाडांची तपासणी प्रसिद्ध झाली. हाडांचे कवच अपेक्षेपेक्षा पातळ होते, आणि ज्यांचे दूध बंद होते त्यांचे अधिकच पातळ. ठरावीक दोन-तीन पदार्थांवर जगणाऱ्या अशा मुलांत स्कर्व्ही झाल्याच्या नोंदीही डॉक्टरांनी केल्या आहेत. मूल लंगडू लागते, चालावयास नकार देते, सांध्यांच्या आणि मज्जातंतूंच्या तपासण्या होतात, आणि शेवटी निदान होते ते जुन्या खलाशांच्या रोगाचे. कमी पडलेले असते केवळ क जीवनसत्त्व, जे पेरूत आणि आवळ्यात मुबलक असते.

आमच्या मुलाची गोष्ट तेथवर गेली नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली वर्षातून एकदा शाळेत तपासणीसाठी पथक येते. त्यांनी त्याला काट्यावर उभे केले तेव्हा वजन गेल्या वर्षापेक्षा दोन किलोंनी कमी भरले. वाढत्या मुलाचे वजन स्थिर राहिले तरी चिंता. हे तर उतरले होते. तेथून तो नागरी रुग्णालयातील बालरोग विभागात गेला. दूध व पोळी पुन्हा सुरू झाली. पोळीबाबत एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. सीलिअॅक नावाचा आतड्याचा एक खराखुरा विकार आहे. त्यात गहू कायमचा सोडावाच लागतो. पण त्याची रक्ततपासणी मूल गहू खात असतानाच करावी लागते. आधी गहू बंद करून मग तपासणीस गेले तर विकार असूनही दिसणार नाही. तसेच पोटाचे. अशा मुलांत बद्धकोष्ठ पुष्कळदा असतो. पोट दुखते हे ज्याला सांगता येत नाही तो डोके आपटतो, हात चावतो. आणि आपण त्याला स्वमग्नतेचाच भाग समजतो. आमच्याकडील दुसऱ्या एका मुलीला खडू खाण्याची खोड होती. तिच्या रक्तात लोह कमी निघाले.

कोणा कुटुंबाने डॉक्टरांच्या सल्ल्याने गहू बंद केलाच असेल, तर त्यांनी परदेशी पाकिटांमागे धावू नये. आमच्या हवेलीच्या डोंगरउतारावर पिकणाऱ्या नागलीत ग्लुटेन मुळीच नाही, आणि शंभर ग्रॅममध्ये कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास आहे. ते सगळे अंगी लागत नाही हे खरे. पण वारली आईच्या घरी जे पीठ डब्यात भरलेले असते तेच शहरातील दुकानात नवे नाव आणि चौपट किंमत घेऊन उभे राहते, हे पाहून मला नेहमी गंमत वाटते.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट, जे मूल खाते ते काढून घ्यावयाचे नाही. त्याला लागूनच, अगदी थोड्या फरकाचे, दुसरे काही ठेवावयाचे. खाण्याचा आग्रह न करता. ताटाशेजारी असले तरी पुरे. मग स्पर्श, मग वास, मग ओठाला लावणे, आणि चव सर्वांत शेवटी. ह्याला आठवडे लागतात, कधी महिने. वसईकडील माझ्या एका नात्यातील मुलीला प्रथम ख्रिस्तप्रसाद घ्यावयाचा होता आणि त्या पातळ चकतीचा स्पर्श तिच्या जिभेला सोसेना. फादरांनी आशीर्वादित न केलेल्या चकत्या घरी दिल्या. रोज रात्री आईने तिचा एक कण तिच्या तळहातावर ठेवावा, एवढेच. पाच महिन्यांनी तिने तो आपणहून तोंडात घातला.

दुसरी गोष्ट, आवडत्या पदार्थात औषध किंवा भाजी लपवू नये. मुलाला कपट कळते, आणि मग तो एकुलता एक पदार्थही हातचा जातो. खाण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. दिवसभर बिस्किटे चघळणाऱ्याला भूक लागावी कशी? बसण्याची जागा शांत असावी, पाय टेकलेले असावेत. जीवनसत्त्वांच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने मोठ्या मात्रेत देऊ नयेत. अ आणि ड ही जीवनसत्त्वे अंगात साठून अपाय करतात. आणि डॉक्टरांकडे जाताना मुलाने आठवडाभरात खरोखर काय खाल्ले ते एका कागदावर लिहून न्यावे. आपण काय वाढले ते नव्हे, त्याने काय गिळले ते.

शाळेने काय केले, तर त्याला व्हरांड्याच्या टोकाला एकटे बसून जेवण्याची मुभा दिली. एवढ्याने त्याचे कानांवरचे हात खाली आले. पुढे एके दिवशी शेजारच्या बाकावरील मुलीने डब्यात नागलीचा भाजलेला पापड आणला होता. तो मोडताना बिस्किटासारखाच आवाज झाला, आणि ह्याने मान वळवली. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने नागलीचे पापड भाजून दिले. खानदेशातल्या बाईला ते काही नवे नव्हते. तीन आठवडे पापड डब्यात बसून परत जात होता. मग एक कोपरा कमी झालेला दिसला.

आज दीड वर्षाने तो आठ पदार्थ खातो. त्यांत दही-भात आहे, भाजलेले शेंगदाणे आहेत. पेरू तो हातात धरून हुंगतो आणि परत ठेवतो. तो अजून फारसा बोलत नाही, पण वजन भरले आहे. खिचडीचा डाव घेऊन त्याच्याजवळ मात्र आम्ही कोणी अजून जात नाही.