बदलापूरहून भांडुपपर्यंत

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मॅरेथॉनचे अंतर 42.195 किलोमीटर असते, हे आता शाळकरी मुलांनाही पाठ असते. परंतु आकडा पाठ असणे निराळे आणि अंतर कळणे निराळे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील माणसाला अंतर कळते ते रेल्वेच्या रुळांवरून. बदलापूर स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रुळाने सुमारे 68 किलोमीटरवर आहे. तेव्हा बदलापूरच्या फलाटावरून मुंबईच्या दिशेने धावू लागलेल्या माणसाची अर्धी मॅरेथॉन डोंबिवलीच्या आसपास होते आणि भांडुप ओलांडून कांजूरमार्गाच्या अलीकडे कोठेतरी ती संपते. हेच अंतर लोकलमध्ये उभ्याने काढताना माणूस दहा वेळा घड्याळ पाहतो. तोच माणूस वर्षातून एका रविवारी ते स्वतःच्या पायांनी, स्वतः पैसे भरून, कोणी सांगितलेले नसताना पुरे करतो.

असा माणूस कोण असतो? बहुधा चाळिशीकडे झुकलेला नोकरदार. कोणी बँकेत, कोणी अंबरनाथच्या कारखान्यात, कोणी उल्हासनगरच्या दुकानात, कोणी शाळेत शिक्षक. अलीकडे त्यात गृहिणी आणि नोकरी करणाऱ्या स्त्रियाही मोठ्या संख्येने आहेत. डॉक्टरांनी साखर किंवा रक्तदाब वाढल्याचे सांगितले म्हणून चालणे सुरू होते, चालण्यातून धावणे येते आणि मग एके दिवशी कोणी सोबती मुंबई मॅरेथॉनचा अर्ज भरण्याची गळ घालतो. 15 फेब्रुवारी 2004 रोजी ही मॅरेथॉन प्रथम झाली. आता ती जानेवारीत होते. तत्पूर्वी सामान्य गृहस्थाने बेचाळीस किलोमीटर धावावे, ही कल्पना या भागात फारशी कोणाच्या मनाला शिवली नव्हती.

या माणसाला ‘हौशी धावपटू’ म्हणतात. हौशी हा शब्द कधीकधी किंचित हलक्या सुरात वापरला जातो. तसे करण्याचे कारण नाही. कचेरी सुटल्यावर रात्री अकरापर्यंत तालीम करून राज्य नाट्यस्पर्धेत उतरणारे कलावंतही हौशीच असतात, आणि मराठी रंगभूमीवर त्यांचे ऋण केवढे आहे हे येथे सांगावयास नको. हौस म्हणजे अर्धवटपणा नव्हे. ज्या कामाचा मोबदला मिळणार नाही ते काम मनापासून करणे, हा तिचा अर्थ.

भारतातून ऑलिंपिकला गेलेला पहिला संघ असाच हौशी होता, आणि त्यातील एका धावपटूची हकिकत या विषयात टाळता येणार नाही.

पुण्याची डेक्कन जिमखाना ही संस्था 1906 साली स्थापन झाली. तिचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. 1919 च्या सुमारास जिमखान्याच्या क्रीडा स्पर्धा पाहताना त्यांच्या लक्षात आले की, धावणारी पोरे बहुतेक शेतकरी घरांतील आहेत, अनवाणी आहेत, त्यांना आधुनिक प्रशिक्षण नाही, शर्यतीचे नियमही धड ठाऊक नाहीत. आणि तरीही त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांशी ताडून पाहाव्यात अशा आहेत. दोराबजींनी पुढाकार घेतला, पदरचे पैसे घातले आणि 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी चार धावपटू व दोन मल्ल निवडले गेले. त्या चौघांत बेळगावचा फडेप्पा दारेप्पा चौगुले होता. विशीच्या उंबरठ्यावरचा हा तरुण बोटीने युरोपला गेला. अँटवर्पपूर्वी संघाचा काही आठवडे लंडनमध्ये सराव झाला. बेळगावच्या मातीतून थेट तेथे गेल्यावर त्याला काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी लागते.

22 ऑगस्ट 1920 रोजी मॅरेथॉन झाली. त्या काळी अंतर आजच्यासारखे पक्के नव्हते. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेलेले 42.195 किलोमीटर हे अंतर 1921 मध्ये अधिकृत ठरले. अँटवर्पचा मार्ग 42.75 किलोमीटरचा होता, म्हणजे आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब. फिनलंडच्या हानेस कोलेमाइनेनने 2 तास 32 मिनिटे 35.8 सेकंदांत सुवर्णपदक मिळविले. चौगुले 2 तास 50 मिनिटे 45.4 सेकंदांत आला. क्रमांक एकोणिसावा. सरासरी काढली तर प्रत्येक किलोमीटरला चार मिनिटे पडतात. आज बदलापूरहून जाणारा हौशी धावपटू पाच तासांत मॅरेथॉन पुरी करतो तेव्हा त्याला किलोमीटरमागे सात मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. एवढे सांगितले म्हणजे चौगुले कोणत्या तोडीचा होता ते ध्यानात येईल.

चौगुलेला पदक मिळाले नाही. एकोणिसाव्या क्रमांकाच्या माणसाचे पुतळे उभारण्याची जगात पद्धत नाही, आणि आपल्याकडे तर पहिल्या क्रमांकाचेही विस्मरण होते. त्याच शर्यतीत दुसरा भारतीय धावपटू सदाशिव दातार उतरला होता. त्याला ती पूर्ण करता आली नाही. एकाच बोटीतून गेलेले दोघे; एकाच्या नावापुढे एकोणीस आकडा लागला, दुसऱ्याच्या नावापुढे आकडाच नाही. मॅरेथॉनचा हिशेब असा रोकडा असतो. इतर अनेक खेळांत हरलेल्याच्या नावावरही गुण जमा असतात. येथे एकेचाळीस किलोमीटर धावून थांबलेल्या माणसाच्या नावावर काहीच जमा होत नाही.

थांबतो तो माणूस बहुधा कोठे थांबतो, हेही पाहण्यासारखे आहे. शरीराने स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा करून ठेवलेला असतो, तो साधारण दोन हजार कॅलरींचा असतो. धावताना वजनाच्या प्रत्येक किलोमागे दर किलोमीटरला सुमारे एक कॅलरी खर्च होते. म्हणजे साठ किलोचा माणूस किलोमीटरमागे साठ कॅलरी जाळतो, आणि तीस-बत्तीस किलोमीटरला शिल्लक संपत येते. चरबी भरपूर असते, पण तिचे इंधन संथ मिळते. पाय शिशाचे होतात, मनात नाही नाही ते विचार येतात, पुढचा दिव्याचा खांबही लांब वाटतो. धावपटू याला ‘भिंत’ म्हणतात. रेल्वेच्या हिशेबाने बोलायचे तर बदलापूरहून निघालेल्याला ही भिंत कळव्याच्या आसपास लागते. अजून ठाणेसुद्धा आलेले नसते. पुणे ते सासवड हा दिवेघाटाचा टप्पा चाललेल्या वारकऱ्यांना या अवस्थेची थोडी ओळख असेल. परंतु वारकऱ्याला रात्री मुक्काम असतो आणि चहूबाजूंनी टाळ-मृदंग असतो. धावपटूला त्या वेळी स्वतःच्या श्वासाखेरीज दुसरे काही ऐकू येत नाही.

मुंबईच्या मार्गावर अनेक वर्षे हीच जागा अवघड ठरत आली. वरळी, माहीम असा फेरा घालून परतताना, उन्ह वर आलेले असताना, पेडर रोडचा चढ लागायचा. मोटारीतून जाणाऱ्याला तो चढ आहे हे जाणवतही नाही. छत्तीस-सदतीस किलोमीटर धावून आलेल्याला तो मलंगगडासारखा वाटतो. दुतर्फा उभी असलेली, ओळखपाळख नसलेली माणसे संत्र्याच्या फोडी, बिस्किटे, मीठ हातावर ठेवतात, छातीवरच्या कागदावरील नाव वाचून हाका मारतात. अनेक धावपटूंना नंतर शर्यतीतले फारसे काही आठवत नाही, पण एखाद्या म्हातारीने पुढे केलेला गुळाचा खडा आठवतो.

भिंत ओलांडण्याचे सामर्थ्य शर्यतीच्या दिवशी येत नाही. जानेवारीच्या मॅरेथॉनचा सराव ऐन पावसाळ्यात सुरू होतो. पहाटे साडेचारला दार लोटून बाहेर पडायचे. रस्त्यावर कुत्री, खड्डे, खड्ड्यांत पाणी आणि पाण्याखाली काय आहे ते देवालाच ठाऊक. बदलापूरचे धावपटू बारवी धरणाच्या रस्त्याला लागतात. अंबरनाथला शके 982 मधील शिवमंदिराचा शिखरभाग अंधारातून हळूहळू उमटताना दिसतो. उल्हासनगरला गोल मैदानाच्या फेऱ्या मोजाव्या लागतात. सात वाजता घरी, लगेच आंघोळ, डबा, आणि मग गर्दीची लोकल. मुंबईत नोकरी असेल तर जाण्यायेण्यात तीन तास जातात. सराव ज्या वेळातून निघतो तो वेळ झोपेतून काढलेला असतो. झोपेतून पुरला नाही तर घरच्यांच्या वाट्यातून.

या घरच्यांच्या वाट्याविषयी धावपटू मोकळेपणाने बोलत नाहीत. रविवार हा एकच दिवस कुटुंबाचा, आणि तोच लांब पल्ल्याच्या सरावाचा. पंचवीस-तीस किलोमीटर धावून आलेला माणूस दुपारभर आडवा असतो. मुलाला गणित शिकवायचे राहते, बहिणीकडचे केळवण चुकते, कुणाच्या तरी आईला दवाखान्यात नेण्याचे काम पत्नीवर पडते. धावणाऱ्या स्त्रीची स्थिती याहून कठीण. तिला साडेतीनला उठून पोळ्या करून ठेवाव्या लागतात आणि मग बूट घालायचे. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन 1984 साली लॉस एंजेलिसला प्रथम झाली, कारण तोवर हे अंतर स्त्रीच्या शरीराला झेपणार नाही असे जाणती मंडळी समजत होती. ओट्यापुढे उभ्या असणाऱ्या स्त्रीला काय झेपते हे त्यांनी कोणत्याही घरात येऊन पाहिले असते तर बरे झाले असते. ज्या घरात धावणे टिकते, त्या घरात हा व्यवहार बहुधा उघडपणे ठरलेला असतो: कोणता रविवार कोणाचा, कोणत्या लग्नकार्याला सराव बुडवायचा. ज्या घरात तो ठरत नाही, तेथे पदक येते आणि भिंतीवर अबोलपणे टांगले जाते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. पूर्ण करण्याच्या हट्टाला मर्यादा हवी. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील 488 धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा त्यांतील 13 टक्क्यांच्या रक्तातील सोडियम सामान्य पातळीखाली उतरलेले आढळले. बऱ्याच जणांत कारण एकच होते: भीतीपोटी गरजेपेक्षा अधिक पाणी पिणे. आपल्याकडच्या दमट हवेत नुसते पाणी ढोसत राहणे हे न पिण्याइतकेच वाईट. तहान लागेल तसे प्यावे, त्यात मीठ-साखर असावी. छातीत दुखणे, डावा हात भरून येणे, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही झाले तर ताबडतोब थांबावे. चाळिशी उलटलेल्याने सराव सुरू करण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी. तपासणीचा खर्च एका जोडी बुटांहून जास्त नसतो, आणि बुटांसाठी खिशात हात घालताना ही मंडळी कचरत नाहीत.

मग अँटवर्पला थांबलेल्या दातारचे काय? त्याच्या पायात काय झाले, श्वासात काय झाले, हे त्याला ठाऊक. हजारो कोसांवर, परक्या रस्त्यावर, शरीर नाही म्हणाले तेव्हा त्याने त्याचे ऐकले असेल, तर त्यात कमीपणा नाही. चौगुलेचा एकोणिसावा क्रमांक मोठा वाटतो तोही त्यामुळेच. थांबणे शक्य होते, क्षम्य होते, आणि कोणी विचारलेही नसते.

शर्यतीच्या दिवशी बदलापूरचा धावपटू मध्यरात्रीनंतर उठतो. त्या पहाटे कल्याणहून मुंबईकडे खास लोकल सोडण्याची व्यवस्था मध्य रेल्वेने अनेकदा केलेली आहे. तिच्यासाठी आधी कल्याण गाठावे लागते. डब्यात एरवीच्या गर्दीतले चेहरे, पण सर्वांच्या पायांत धावण्याचे बूट, हातात केळे, आणि कोणी कोणाशी फारसे बोलत नाही. दुपारी तीच माणसे परततात तेव्हा डब्यात नुसता गलका असतो. गळ्यात पदक, अंगावर वाळलेल्या घामाचे मीठ. विक्रोळी, भांडुप, मुलुंड, ठाणे मागे पडत जातात, आणि खिडकीशी बसलेला एखादा बोटांवर हिशेब करतो की आपण धावलो ते अंतर गाडीला अजून पुरे व्हायचे आहे.

बदलापूरला उतरल्यावर पूल चढणे जमते. उतरणे जमत नाही, कारण उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर जो ताण येतो तोच आता सोसवत नाही. कठड्याला धरून, पाठमोरे होऊन, एकेक पायरी खाली उतरावे लागते. वरून येणारी माणसे चमकून पाहतात. खाली उभी असलेली मुलगी वडिलांचे पदक आधी स्वतःच्या गळ्यात घालते, मग त्यांचा हात धरते. सोमवारी सकाळची गाडी नेहमीच्याच वेळेला असते.