घराचे कर्ज आणि घरची वही



आमच्या आक्कानं २०२४ साली अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आपल्या घराचं गहाण सोडवलं, आणि तेही मुदतीच्या सात वर्षं आधी. आक्का जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दाजींची मोहोळ तालुक्यात थोडी बागायत, थोडी जिरायत. २०११ साली मोहोळात घर बांधायला त्यांनी दहा लाखांचं कर्ज काढलं होतं, वीस वर्षांच्या मुदतीनं. मी सोलापुरात महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. चक्रवाढ व्याजाचं सूत्र फळ्यावर लिहिता लिहिता माझे केस पिकू लागले. पण माझ्या स्वतःच्या घराचं कर्ज अजून डोक्यावर आहे. तेव्हा आज मी तुम्हांला जे सांगणार आहे, ते पुस्तकातलं कमी आणि आक्काच्या वहीतलं जास्त, एवढं आधीच कबूल करतो.

जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या. कर्जाचा दर मधूनमधून वरखाली होत असतो. हिशेब सोपा पडावा म्हणून आपण तो वर्षाला ९ टक्केच धरू. मुद्दल १० लाख, मुदत २० वर्षं. महिन्याचा हप्ता येतो जवळजवळ ९ हजार रुपये. आता पहिल्या महिन्याचं व्याज किती? वर्षाचं ९० हजार, म्हणजे महिन्याचं साडेसात हजार. तुम्ही दिलेल्या ९ हजारांपैकी साडेसात हजार व्याजात गेले आणि मुद्दल हललं ते अवघ्या दीड हजारानं. पुढच्या महिन्यात व्याज किंचित कमी, मुद्दल किंचित जास्त. असं मुंगीच्या पावलानं चालत हप्त्यातला निम्मा भाग मुद्दलाला लागू लागतो, तेव्हा बारा वर्षं उलटून गेलेली असतात. एकही हप्ता न चुकवता दहा वर्षं भरलीत, म्हणजे मुदत निम्मी संपली. मुद्दलही निम्मं फिटलं असेल असं कुणालाही वाटेल. पण बाकी निघते ७ लाख १० हजार!

यात बँकेची लबाडी काही नाही. ज्याचं मुद्दल मोठं, त्याचं व्याज मोठं. सुरुवातीला मुद्दल मोठं असतं, एवढंच. वीस वर्षांत तुम्ही भरता सुमारे २१ लाख ५९ हजार. म्हणजे दहा लाखांवर साडेअकरा लाखांहून जास्त व्याज. आपल्याकडच्या जुन्या माणसांना दामदुपट ठाऊक असते. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये, असा हा हिंदू धर्मशास्त्रातला नियम. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही तो मानला होता. पण तो थकून साचलेल्या व्याजाचा. महिन्याच्या महिन्याला इमानानं भरत गेलेल्या व्याजाची बेरीज मुद्दलापलीकडे गेली, तर दामदुपट तिच्या आड येत नाही.

मग आड काय येतं? वरचा रुपया. ठरलेल्या हप्त्यानं त्या महिन्याचं व्याज भागलेलं असतं. त्यावर दिलेला प्रत्येक रुपया सबंध मुद्दलात जातो, आणि उरलेल्या सगळ्या महिन्यांचं त्या रुपयावरचं व्याज तिथंच थांबतं. आपल्या उदाहरणात पहिल्या महिन्यापासून दरमहा हजार रुपये जास्त भरले, तर कर्ज वीसऐवजी साडेपंधरा वर्षांत फिटतं आणि तीन लाखांच्या आसपास व्याज वाचतं. दरमहा जमत नसेल आणि वर्षाकाठी एक हप्ता जादा भरला, तरी साडेसोळा वर्षांत मोकळे होता. मात्र हेच हजार रुपये अठराव्या वर्षी भरायला लागलात, तर हाती फारसं काही लागत नाही. फायदा आहे तो लवकर देण्यात.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, हजार रुपये आणायचे कुठून? हप्ताच भरताना नाकी नऊ येतात. आक्कालाही पहिली तीन वर्षं असंच वाटत होतं. मग तिनं एक दोनशे पानी वही आणली आणि रोज रात्री जेवणं झाल्यावर दिवसाचा खर्च त्यात लिहायला लागली. पहिल्या वर्षी काहीही कमी केलं नाही, नुसतं लिहिलं. मला तिची ही गोष्ट फार शहाणपणाची वाटते. आपण उलट करतो. आधी चहा बंद करतो, आठ दिवसांनी पुन्हा सुरू करतो, आणि हिशेब ठेवून काही होत नाही असं म्हणून मोकळे होतो.

वर्षाच्या बेरजा मांडल्यावर निघालं भलतंच. चहा-साखरेत फारसं काही नव्हतं. मोठा आकडा होता तो आहेर आणि मानपानाचा. लग्नं, बारशी, वास्तुशांती, जागरण-गोंधळ आणि गावच्या जत्रेतलं जेवण. दाजी म्हणाले, “यात हात घालायचा नाही. चार माणसांत राहायचंय.” आक्कानं हात घातला नाही, पण उन्हाळा सुरू व्हायच्या आतच वर्षाची रक्कम ठरवून एका डब्यात बाजूला काढली. डबा रिकामा झाला की आहेर टॉवेल-टोपीवर आला. दोन वर्षं थोडी कुजबुज झाली. पुढं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. दाजींची मोटारसायकल तशीच हप्त्यावर घेतलेली. तिचे हप्ते संपले, तेव्हा हातात आलेले पैसे घरखर्चात मिसळू न देता तेवढीच रक्कम घराच्या कर्जात जादा भरायला सुरुवात केली. त्या पैशाविना राहायची सवय घराला झालेलीच होती.

पगारदाराला दरमहा जमतं, शेतकऱ्याला जमत नाही, हेही खरं. उसाचं बिल येतं तेव्हा एकदम येतं, डाळिंब-द्राक्षांचं तर बाजाराच्या मर्जीनं. म्हणून त्या घरात दोन रीती होत्या. आक्काच्या पगारातून दरमहा थोडं. आणि महागाई भत्त्याचा फरक, वेतन आयोगाचा फरक, उसाचं बिल असं काही एकरकमी आलं की त्यातला तिसरा हिस्सा कर्जात. उरलेले दोन हिस्से शेतीला आणि घराला. सगळं कर्जात ओतायचं नाही, हा दाजींचा हट्ट. आणि तो बरोबर होता, हे मला पुढं कळलं.

माझे वडील सोलापुरातल्या एका गिरणीत कामाला होते. थोडी पुंजी साठली की ती घराच्या कर्जात नेऊन भरायची, हा त्यांचा नेम. कर्ज बरंच खाली आलं होतं. नव्वदीच्या दशकात गिरणीला टाळं लागलं, त्याच वर्षी आईचं ऑपरेशन निघालं. घरात रोख काही नव्हतं. भरलेलं मुद्दल परत मिळत नसतं. शेवटी आईच्या पाटल्या मोडल्या आणि वर शेकडा तीन रुपये महिना दरानं हातउसने घेतले. ३६ टक्क्यांचं कर्ज काढावं लागलं, कारण त्याच्या कितीतरी स्वस्त असलेलं कर्ज घाईनं फेडलं होतं. वडिलांनी आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही. तरी त्या वर्षी ते रस्त्यानं मान खाली घालून चालत.

म्हणून सांगतो, घराच्या कर्जात जादा पैसे भरण्याआधी चार-सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी ठेवा. आधी महागडी कर्जं फेडा: हातउसने, सोनेतारण, क्रेडिट कार्डाची थकबाकी. पीककर्जाचे पैसे तर घराच्या कर्जाकडे वळवूच नका. राज्यात २०२१ साली तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडणाऱ्यास शून्य टक्के व्याजाची सवलत देण्याचा निर्णय झाला. अशी सवलत तारीख चुकली की जाते. २०१८ च्या दुष्काळात आक्कानं जादा भरणं वर्षभर बंद ठेवलं होतं, ठरलेला हप्ता तेवढा भरला. वहीत तिनं लिहिलं आहे, ‘या साली नाही.’

आणखी एक गोष्ट, जी या जिल्ह्यानं फार महाग किंमत देऊन शिकलेली आहे. १२ मे १८७५ या दिवशी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे आणि चोपड्या त्यांनी बाहेर काढून जाळल्या. आपण किती दिलं आणि किती राहिलं हे कुळाला कधीच कळत नसे, हे त्या संतापाचं एक मूळ होतं. पुढं चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. पुणे, सातारा, अहमदनगर आणि आपलं सोलापूर अशा चार जिल्ह्यांसाठी तो होता. न्यायाधीशानं रोख्यावरच्या आकड्यापाशी न थांबता व्यवहाराचा मागचा इतिहास तपासावा, मुद्दल आणि व्याज यांचे हिशेब वेगळे मांडावेत, असं त्यात होतं. आणि शेतकऱ्याला दिलेल्या पैशाची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क होता.

आज पासबुक आहे, मोबाइलवर संदेश येतो. पण आपण मागून वाचतो का? मी वाचत नव्हतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. माझा हप्ता होता तेवढाच राहिला, म्हणून मी निश्चिंत. एके दिवशी आक्का घरी आली होती; तिनं माझा कर्जाचा उतारा मागितला आणि शेवटचं पान काढलं. “अरे, तुझं कर्ज २०३४ ला संपणार होतं ना? इथं तर २०३९ लिहिलंय.” हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली गेली होती. तसं कळवणारं पत्र आलंही असेल. मी ते उघडलं नाही. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची ही गोष्ट आहे, श्रोतेहो!

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारावं. आणि कर्ज काही अंशी किंवा पूर्ण आधी फेडण्याची मुभाही त्याला द्यावी. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायला बँकांना २०१२ पासूनच मनाई आहे. ठरीव दराचं कर्ज असेल तर मात्र मंजुरीपत्र वाचा. शिक्षक बंधुभगिनींनी हेही ध्यानात ठेवावं, की पतसंस्था सहकार कायद्याखाली येतात, रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात नाहीत. तिथले नियम पोटनियमांत पाहायचे.

जादा रक्कम भरताना सोबत दोन ओळींचा अर्ज द्या: ‘ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता कमी न करता मुदत कमी करावी.’ अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. माझ्या पहिल्या जादा भरण्याच्या वेळी मी हे केलं नाही. रक्कम पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून धरली गेली आणि ती मुद्दलात नेण्यासाठी तीन खेपा घालाव्या लागल्या. कर वाचतो म्हणून कर्ज राहू द्यावं, असं आमच्या स्टाफरूममध्ये नेहमी ऐकू येतं. व्याजाचा रुपया बाहेर गेला, तर करात त्याचा काही भागच वाचतो. नव्या करपद्धतीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळतही नाही. २०२३ पासून माझ्याही टेबलावर एक वही आहे. आताच्या गतीनं २०३० च्या सुमारास मी सुटेन, असा हिशेब निघतो.

कर्ज फिटलं की काम संपलं, असं समजू नका. बँकेकडून बेबाकी दाखला घ्या. १ डिसेंबर २०२३ पासून नियम असा आहे, की पूर्ण फेड झाल्यावर मालमत्तेची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची; बँकेच्या बाजूनं उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई कर्जदाराला द्यायची. आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचा बोजा चढलेला असेल, तर तो आपोआप उतरत नाही. बँकेचं पत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज करायचा, फेरफार नोंदवला जातो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतात, मग बोजा कमी होतो. कित्येक घरांत कर्ज बापानं फेडलं आणि बोजा मुलाच्या वाटणीच्या वेळी निघाला, असं झालेलं आहे.

आक्कानं फेरफार मंजूर होईपर्यंत पाठ सोडली नाही. नवा उतारा आला तेव्हा दाजींनी चष्मा लावून इतर हक्कांचा रकाना दोनदा वाचला, मग माझ्या हातात दिला. बँकेचं नाव तिथं नव्हतं. त्या रात्री मी मोहोळलाच होतो. जेवणं झाली, आक्कानं वही काढली आणि लिहिलं: सातबारा उतारा १५ रुपये, पेढे अर्धा किलो.